तळ दिसलेली विहीर

गारमाळच्या विहिरीभोवती त्या सकाळी एकशे सदतीस घागरी होत्या. अकरा पितळेच्या, बावीस स्टीलच्या, बाकी सगळ्या प्लास्टिकच्या. दोर सव्वीस. कप्प्या सहा, त्यांतल्या दोन मोडक्या. बायका नव्वदच्या आसपास होत्या. त्या एका जागी थांबत नव्हत्या म्हणून नीट मोजता आल्या नाहीत. विहिरीत पाणी होतं चौदा सेंटिमीटर.

हे शेवटचं मी तीनदा मोजलं. पोलादी टेपला खडू फासून ती खाली सोडायची, वर घ्यायची आणि खडू कुठपर्यंत भिजला ते पाहायचं. तिन्ही वेळा चौदा. माझ्याजवळच्या नोंदींप्रमाणे गेली तीन वर्षं मे महिन्यात या विहिरीत मीटरभर पाणी होतं.

"काय वं म्याडम, काय पडलं का आत?" सरपंच इंदूताई कोळेकर माझ्या शेजारी येऊन खाली वाकल्या. त्यांच्या कडेवर घागर होती. सरपंच असल्या तरी रांगेत त्यांचा नंबर एकतिसावा होता.

"पाणी फार कमी दिसतंय."

"मग? त्येच्यासाठीच तर उभ्या हाय आमी."

तेवढ्यात चढावर टँकर दिसला आणि रांग मोडली. एरवी तो पहाटेच येऊन जायचा. त्या दिवशी भरायच्या ठिकाणी वीज नव्हती म्हणून उशीर झाला होता. ड्रायव्हरनं टँकर मागं घेत घेत थेट कठड्याला लावला, जाड पाइप विहिरीत सोडला आणि तोटी उघडली. बारा हजार लिटर पाणी विहिरीत कोसळलं. बायका घागरी खाली सोडायला पुढं सरसावल्या.

"थांबा!" मी ओरडले. "एकच मिनिट थांबा!"

"आता काय मुहूर्त काढायचा हाय का?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. पण थांबल्या.

मी टेप सोडली. एक मीटर सात सेंटिमीटर.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते आणि भूजल मोजणाऱ्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर लागले होते. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

कार्यालयात परत येऊन मी वाघचौरे सरांपुढे जुन्या नोंदी ठेवल्या. सर आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

"सर, ही आपली निरीक्षण विहीर आहे. हिच्या पातळीवरून आपण पूर्ण पाणलोटाचं भूजल सांगतो. आणि गेली तीन वर्षं आपण टँकर मोजतोय."

सरांनी चष्मा काढून आकडे पाहिले. एक मीटर दोन. शहाण्णव सेंटिमीटर. एक मीटर दहा.

"सकाळी सातला जायचे आपले लोक," ते म्हणाले. "टँकर पहाटे. बरोबर आहे. नेमून दिलेल्या विहिरीत नेमून दिलेल्या दिवशी टेप सोडली. कोणी चूक केलेली नाही." चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "हेच वाईट आहे."

वाईट काय होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मार्चमध्ये गावांच्या मागणीवरून सुरू झालेले टँकर आता पाणीपातळीवरून ठरणार होते. गुरुवारी जिल्ह्याची टंचाईची बैठक होती. जे गाव यादीत येईल, तिथं विहिरीपासून किलोमीटरभराच्या आतले खोल बोअर पाऊस पडेपर्यंत सील होणार होते आणि टँकरच्या खेपा वाढणार होत्या. जे गाव यादीत नसेल, तिथला चालू टँकरही एक तारखेपासून बंद होणार होता. गारमाळ यादीत नव्हतं. कागदावर त्याच्या विहिरीत मीटरभर पाणी होतं.

"मी आजचे दोन्ही आकडे देते. आधीचा आणि नंतरचा."

"ते म्हणतील बायकांनी उपसली म्हणून रिकामी होती. उपसली की कुठलीही विहीर रिकामी होते. रात्रीतून भरत असेल."

"नाही भरत."

"हे तू म्हणतेस. त्यांना दाखवायला लागेल." सरांनी कागद घेतला आणि एक गोल काढला. "विहीर तळापर्यंत रिकामी करायची. मग चोवीस तास हात लावायचा नाही. टँकर नाही, दोर नाही. महसूलचा माणूस साक्षीला. चोवीस तासांत झऱ्यांनी जे येईल ते गावाचं खरं पाणी. रिकामी विहीर कलेक्टरलाही कळते, मुली."

"मे महिन्यात चोवीस तास टँकर बंद ठेवायचा?"

"मला दुसरा रस्ता दिसत नाही. तुला दिसला तर सांग."

मला दिसला नाही.

दुपारी मी पुन्हा गारमाळला गेले. समाजमंदिराच्या पायरीवर इंदूताईंनी बायका जमवल्या होत्या. मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजी," एक म्हातारी म्हणाली, "पानी न्हाई ह्ये दावायला पानी बंद करायचं?"

"हो. एक दिवस आणि एक रात्र."

"आनि दावलं तर मिळंल?"

"मिळायला हवं."

"हवं नगं. मिळंल का?"

मी इंदूताईंकडे पाहिलं. त्यांनी मला सोडवलं नाही. त्याही उत्तराची वाट पाहत होत्या.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण नाही दाखवलं तर एक तारखेपासून टँकर नक्की बंद आहे."

"ह्ये झालं खरं बोलणं," इंदूताई उठत म्हणाल्या. "चला गं. मंगळवारी पाटंचा टँकर आला की हाय न्हाय ती भांडी भरा. परातीसुदिक भरा. जनावरं खालच्या वाडीला पावण्यांकडं धाडा. तळ खरवडस्तवर उपसा. मग बुधवारपतोर कुनी दोर सोडला तर गाठ माज्याशी हाय."

जाताना मी वरच्या अंगाला धायगुडे यांच्या बागेत थांबले. तुलनेसाठी बोअरच्या पाण्याचा नमुना हवा होता. नंदकुमार धायगुडे चाळिशीचे होते, गारमाळचेच. विहिरीच्या वरच्या किलोमीटरभरात सतरा खोल बोअर होते, त्यांतले चार त्यांचे. त्यांनी बाज झटकून मला बसायला दिली आणि बायकोला ताक आणायला सांगितलं.

"घ्या मॅडम, बाटलीभर काय, कॅन भरून घ्या. बघा, तीन हजार चारशे झाडं. डाळिंब. तिसरं वर्ष. औंदा पहिल्यांदा फळ धरलंय." त्यांनी एक फांदी हलकेच वर उचलून दाखवली. "हिला एक दिवस आड पाणी लागतं. माणसासारखं नाही तिचं, कळ काढत नाही ती."

मी त्यांच्या बोअरच्या पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवलं. पाण्यात क्षार किती, ते त्यावरून कळतं. क्षार जास्त तितका आकडा मोठा. अठराशे चाळीस. सकाळी टँकरचं पाणी तपासलं होतं तेव्हा तीनशे आलं होतं.

"चांगलं की वाईट?" धायगुडेंनी विचारलं.

"जमिनीतलं आहे," मी म्हटलं.

मंगळवारी सकाळी सहाला विहीर रिकामी झाली. शेवटच्या घागरी तळावर खरखरल्या आणि त्यांच्यात गाळ आला. तलाठी शेंडगे साक्षीला आले होते. त्यांनी पंचनाम्याला सुरुवात केली, कठड्यावर बोरीच्या फांद्या टाकून घेतल्या आणि लिंबाच्या सावलीत खुर्ची मांडली.

मी आत पाहिलं. त्या विहिरीचा तळ मी पहिल्यांदाच पाहत होते. काळा खडक, त्यात दोन भेगा, आणि एका भेगेतून घामासारखं पाझरणारं पाणी. माझ्या मागं बायकाही एकेक करून वाकून पाहत होत्या आणि घरी जात होत्या. एरवीची थट्टा नव्हती. हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ विचारला नाही.

दुपारी ऊन असं होतं की टेप हातात धरवेना. मी ओढणीनं धरून ती सोडत होते. दर तासाला अर्धा सेंटिमीटर, कधी तेवढंही नाही. तीनच्या सुमाराला कमल नावाची एक बाई तांब्या घेऊन आली. तिच्या सासऱ्यांना दोन दिवस जुलाब होत होते आणि भरून ठेवलेलं पाणी संपलं होतं.

"एकच तांब्या, म्याडम. दोर न्हाई सोडत. पोरगं उतरवते आत."

तांब्याभर पाण्यानं पातळी मिलिमीटरचा दहावा भागही हलली नसती. ती मला मोजताही आली नसती. मी शेंडगेंकडे पाहिलं.

"आत काही गेलं की पंचनामा बाद," ते म्हणाले. "मी वाईट माणूस नाही, मॅडम. वर हेच विचारतील."

मी माझी बाटली कमलच्या तांब्यात उलटी केली. तिच्यात अर्ध्याहून कमी होतं. शेंडगेंनी त्यांचीही आणून ओतली. कमल गेली.

सहाला मोजलं तेव्हा पाच सेंटिमीटर पाच मिलिमीटर भरलं होतं. बारा तासांत सहाशे नव्वद लिटर. यंत्राचा आकडा अठराशे चाळीस. सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं. आता उरलेले बारा तास कोणी काही केलं नाही की झालं, असं मी मनाशी म्हणत होते.

टेप गुंडाळते न गुंडाळते तोच गावातून बायका आल्या. सगळ्या नीट लुगडी नेसलेल्या, डोक्यावर पदर. पुढं इंदूताई. प्रत्येकीच्या हातात भरलेला तांब्या. मला वाटलं, आमच्यासाठी पाणी आणलं असेल. त्यांनी बोरीच्या फांद्या बाजूला केल्या. इंदूताईंनी कठड्यावर हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि तांब्या विहिरीत ओतला.

"अहो!" मी धावत गेले. "अहो इंदूताई, काय करताय!"

दुसरीनं ओतला. तिसरीनं ओतला.

"आसरा हायत्या हितं," इंदूताई शांतपणे म्हणाल्या. "साती जणी, पान्याच्या देवी. तळ दिसला, म्याडम. माज्या सासूनं न्हाई पाह्यला, तिच्या सासूनं न्हाई पाह्यला. उघड्या तळाला रातभर ठिवलं तर त्या उठून जात्यात. मग मागं पाऊस आला तरी ह्या हिरीला पानी लागत न्हाई."

"पण मोजणी! सगळी मोजणी वाया गेली! तुमच्याच पाण्यासाठी चाललंय ना हे!"

"तुमी मोजून उद्या जाणार. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

मी कमलला पाहिलं. तीही रांगेत होती. तिचा तांब्या अर्धाच होता. आमच्या दोघांच्या बाटल्यांतलं पाणी तिनं कितपत वापरलं होतं आणि कितपत राखून ठेवलं होतं, कोण जाणे. तिनं तो अर्धा तांब्या ओतला, हात जोडले आणि मागं सरली.

शेंडगे उभे राहिले होते. त्यांच्या हातात पंचनामा होता. "मला लिहावं लागेल," ते म्हणाले. "ग्रामस्थांनी बाहेरून पाणी टाकलं. मी स्वतः पाहिलं."

"किती टाकलं तेही लिहा."

"ते मला काय ठाऊक? ज्याचा त्याचा तांब्या निराळा."

मी कठड्याला टेकून बसले. मग उठून टेपला खडू फासला आणि सोडली. सहा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. सात मिलिमीटरची वाढ, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लिटर. मग बाटली सोडून नमुना काढला आणि यंत्र बुडवलं. सोळाशे साठ. क्षाराच्या पाण्यात गोडं पाणी पडलं होतं, आणि आकडा किती उतरला त्यावरून ते किती पडलं हे काढता येत होतं. मी गुडघ्यावर कागद ठेवून गणित केलं. एक्क्याण्णव लिटर.

"शेंडगे साहेब," मी म्हटलं, "दोन निराळ्या रीतींनी काढलं. नव्वद लिटरच्या आसपास. लिहा."

त्यांनी लिहिलं. सकाळी सहाला विहिरीत अकरा सेंटिमीटर पाणी होतं.

बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांच्या उजव्या हाताला अधिकारी होते आणि डाव्या हाताला बोलावलेले शेतकरी प्रतिनिधी. त्यांत धायगुडे होते. त्यांनी मला नमस्कार केला. गारमाळचा विषय निघाल्यावर तेच आधी बोलले.

"साहेब, चाचणी चालू असताना गावानं विहिरीत पाणी ओतलं. तलाठ्यांच्या पंचनाम्यात आहे. अशा चाचणीवर माझे बोअर बंद करणार?"

जिल्हाधिकाऱ्यांनी पंचनामा वाचला. वयानं ते माझ्याहून फार मोठे नव्हते. "हे खरं आहे?"

"हो, सर," मी म्हटलं. "पाणी ओतल्यानं विहीर जास्त भरलेली दिसते, कमी नाही. तरीही मी ते वजा केलंय." मी दोन्ही रीती सांगितल्या. वाघचौरे सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी नमुन्याच्या तीन बाटल्या टेबलावर एका ओळीत मांडल्या.

"गावाला पाणी नाही, आणि गाव विहिरीत पाणी ओततं," जिल्हाधिकारी म्हणाले. "का?"

"विहिरीचा तळ दिसला म्हणून, सर."

कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत.

"वजा करून किती?"

"दहा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. चोवीस तासांत बाराशे पंच्याण्णव लिटर. गावात अकराशे चाळीस माणसं आहेत. माणशी सव्वा लिटरही नाही."

त्यांनी तिथल्या तिथं तोंडी आदेश दिला आणि लिहून घ्यायला लावला. गारमाळ यादीत. खेपा तीन. टँकर विहिरीत न ओतता बाजूला टाकी ठेवून तीत ओतायचा. आणि हा नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक निरीक्षण विहिरीला. सतरा बोअर उद्यापासून सील. सरांनी टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला.

धायगुडे उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, माझं पाणी अडीचशे फुटांवरचं. विहीर चाळीस फुटांची. माझं बंद करून तिचं वाढतंच, हे कुणी मोजलंय का?"

जिल्हाधिकारी माझ्याकडे वळले.

"वाढायला हवं," मी म्हटलं. "खडकातल्या भेगा एकमेकींना जोडलेल्या आहेत."

"मोजलंय का?"

"नाही, सर."

"मग आठ दिवस सील. नवव्या दिवशी पुन्हा मोजा. फरक दिसला तर पावसापर्यंत ठेवू. दिसला नाही तर उघडू."

"फरक म्हणजे किती, सर?"

ते पुढच्या गावाची फाइल ओढत होते. "ते तुम्ही सांगायचं. तुम्ही शास्त्र शिकलात."

त्या आठ दिवसांत तीन खेपांनी टाकी भरत होती आणि गावातली एकही बाई विहिरीकडे फिरकली नाही. सतरा बोअरच्या खटक्यांवर लाखेचे शिक्के होते. आठव्या दिवशी सकाळी मी पंपानं विहीर उपसून तळ झाकेल एवढंच पाणी मोजून आत ठेवलं होतं. नवव्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन गेले तेव्हा कठड्याच्या एका बाजूला इंदूताई उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला धायगुडे. त्यांनी दाढी केली नव्हती. हातात डाळिंबाची एक फांदी होती. पानं पिवळी पडून वळली होती.

मी टेप सोडली. वर घेतली. पुसून पुन्हा खडू फासला, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सोडली.

"किती?" दोघांनी एकदमच विचारलं.

"चोवीस तासांतली वाढ अकरा सेंटिमीटर सात मिलिमीटर. आधी दहा तीन होतं."

"म्हणजे?" धायगुडे म्हणाले.

"एक सेंटिमीटर चार मिलिमीटर वाढलं. दिवसाला एकशे शहात्तर लिटर. माणशी दीडशे मिली."

"म्हंजी किती वं त्ये?" इंदूताईंनी विचारलं.

"चहाचा एक कप. थोडं जास्त."

धायगुडे फांदीकडे पाहत राहिले. "एका कपासाठी, मॅडम? तीन हजार चारशे झाडं?"

"रोजचा कप हाय त्यो, नंदादादा," इंदूताई म्हणाल्या. "अकराशे मान्सांचा."

"वैनी, मी काय या गावाचा नाही? माझी आईही याच टाकीचं पाणी पिते."

"म्या कुटं न्हाई म्हणते."

मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले. माझ्या टेपची चूक जास्तीत जास्त दोन मिलिमीटर होती. चौदा मिलिमीटर हा चुकीत बसणारा आकडा नव्हता. विद्यापीठात मला कोणी विचारलं असतं, तर मी एका वाक्यात उत्तर दिलं असतं.

"आणखी चार दिवस थांबलात तर?" मी धायगुडेंना विचारलं. "पुन्हा मोजू. कदाचित फरक वाढेल. मग तुम्हालाही—"

"चार दिवसांनी मोजायला विहीर राहील, मॅडम," ते म्हणाले. "बाग नाही राहणार. काय लिहायचं ते आजच लिहा."

मी जीपमध्ये बसून अहवाल लिहिला. एका ओळीसाठी जागा होती. ‘फरक आहे,’ असं मी लिहिलं, खाली आकडा लिहिला आणि सही केली. खाली उतरले तेव्हा धायगुडे गेले होते. इंदूताई तिथंच होत्या. मी काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही.

सील पाऊस येईपर्यंत, चौतीस दिवस राहिलं. ते काढायच्या सकाळी मी गारमाळला गेले आणि दोन्ही ठिकाणी मोजणी केली. विहिरीची चोवीस तासांतली वाढ, सोळा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. नंदकुमार धायगुडे यांच्या बागेत झाडं तीन हजार चारशे. हिरवी फूट असलेली, दोनशे अकरा.